मिठाची वाट

टाउन्सव्हिल
९ मार्च २०१७

प्रिय बाबा,

रविवारी फोन केला होता. तू उचललास, "कोण? कोण बोलतंय?" असं ओरडलास आणि ठेवून दिलास. कानातलं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलंय हे कळलं. म्हणून पत्र. तसाही फोनवर माझा आवाज तुला डब्यात अडकलेल्या माशीसारखा ऐकू येतो, हे तुझंच म्हणणं.

एक काम आहे, तुझ्याच धंद्यातलं. डॅरलच्या फिशटँकखालचं कपाट नव्यानं लावायचंय. मागच्या महिन्यात त्यातला एक्स्टेंशन बोर्ड जळला. डॅरलला जरासा झटका बसला, पण आता ठीक आहे. घरही ठीक आहे. मासे बहुतेक सगळे वाचले, प्रवाळाची एक फांदी पांढरी पडली. सध्या स्वयंपाकघरातल्या प्लगवरून लांब वायर ओढून नुसता पंप आणि हीटर चालू ठेवलाय. त्या वायरीत पाय अडकला की मी तुझी आठवण काढते.

आज पहिल्यांदाच ते कपाट उघडून खाली जमिनीवर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या पाकिटात जसं आपण डोकावत नाही तसं त्या कपाटाचं होतं. आत एक दुसरीच टाकी आहे. वरचं पाणी तिच्यात उतरतं, पंप ते परत वर चढवतो. पाण्यातली घाण फेसासारखी काढणारं एक नळकांडं आहे, हीटर आहे, दिव्यांचे दोन काळे ठोकळे आहेत, औषधांच्या बाटल्या आहेत. आणि प्रत्येकाची एक वायर. समुद्राच्या पाण्यापासून हातभरावर इतकी वीज राहते आणि आपण बाजूच्या सोफ्यावर बसून चहा पितो!

नाताळात तू आला होतास तेव्हा पाऊस थांबतच नव्हता, डॅरल बोटीवर होता आणि तू या कपाटात डोकं घालून बसला होतास. म्हणजे तुला आतलं सगळं माहीत आहे. तर सांग, कुठली वस्तू कुठे ठेवू? बोर्ड कुठे लावू? डॅरल करेल की, असं म्हणशील. त्याला सध्या वेळ नाही.

सार्जंट मजेत आहे. आठवतो ना, पिवळट, डोळे वटारून बिळाच्या दारात बसणारा मासा? त्याची ती अर्धी आंधळी कोळंबीही आहे, आजीबाई. ती वाळू उपसत असते, तो राखण करतो, आणि तिची एक मिशी सतत त्याच्या शेपटीला टेकलेली. तू विचारलं होतंस, "याला पगार किती?"

थंडी सुरू झाली का तिकडे दक्षिणेला? लोकरीचे मोजे पलंगाखालच्या पेटीत आहेत.

तुझी
मेरिन


किंग बेट
२२ मार्च २०१७

मेरिन,

वाऱ्यामुळे विमान उतरत नव्हतं, म्हणून तुझं पत्र उशिरा मिळालं. मोजे सापडले. एकाला भोक आहे.

जरासा झटका म्हणजे काय? झटका म्हणजे काय मीठ आहे, जरासं घालायला? कुठे बसला, कसा बसला, किती वेळ, काही लिहिलं नाहीस. बापाला पत्र लिहितेस की शेजाऱ्यांना?

आणि झालं काय ते मला इथे बसून दिसतंय. नाताळात आलो तेव्हा त्या कपाटात वायरी कशा होत्या? इथले कोळी जाळी वाळत टाकतात तशा. कुठून कुठे जातात पत्ता नाही, सगळ्या खाली लोंबत आलेल्या. गुडघे दुखेपर्यंत बसून मी एकेक वायर सरळ केली, वीतवीत अंतरावर क्लिपा ठोकल्या, बोर्ड मागच्या फळीला स्क्रूनं बसवला. शाळेच्या कवायतीसारखं दिसत होतं. या बेटावरची निम्मी घरं मी वायरलीत, आणि एकाही घरात वायर लोंबताना दिसणार नाही. आता मी विमानात चढतो आणि तुझा मासेवाला सगळं उपटून पुन्हा जाळं करतो. दुसरं काय झालं असणार?

टाकीचा प्लग जुन्या एसीच्या लाइनवर आहे आणि त्या लाइनला वीज गळताच आपोआप पडणारा सेफ्टी स्विच नाही, हेही मी जाताना त्याला बजावलं होतं. "बसवून घेतो ऑल्विन, बसवून घेतो." घेतला? त्याला समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते कळतं, स्वतःच्या भिंतीत काय चाललंय ते नाही.

असो. आधी मुख्य स्विच तू स्वतः बंद कर, "केलाय गं" असं कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. मग दार उघड आणि डावा हात खिशात घाल. लहानपणी शिकवलंय तुला: दोन्ही हात कामात घातले की वीज एका हातानं शिरते, दुसऱ्यानं निघते, आणि मधे काळीज असतं. हात लावू नकोस. नुसतं बघ आणि मला लिही. बोर्ड कुठल्या भोकाशी जळलाय? काळा आहे की हिरवा? त्या भोकातली वायर कुठून येते? तिच्यावर काही दिसतं का?

शेजारच्या बेरिलनं चीज पाठवलं होतं, खाऊन झालं. तिला वाटतं मी वाळत चाललोय.

बाबा


टाउन्सव्हिल
४ एप्रिल २०१७

प्रिय बाबा,

तू रागावलास तसं खरंच लिहायला हवं होतं. लिहिते.

तो शनिवार होता. मी स्वयंपाकघरात होते. डॅरल नळकांड्यातला फेस काढायला खाली वाकला होता, एक हात पाण्यात आणि दुसरा दिव्याच्या लोखंडी पट्टीवर. मला आवाज आला, ओरडण्याचा नाही, दात आवळून माणूस गुरगुरतो तसा. मी दारात आले तर तो समोर दिसत होता, पण त्याच्या डोळ्यांत तो नव्हता. त्याला हात सोडता येत नव्हता, बाबा. तू लहानपणी घोकून घेतलं होतंस म्हणून मी त्याला हात लावला नाही. धावत व्हरांड्यात गेले आणि मुख्य स्विच पाडला. परत आले तर तो फरशीवर पडलेला.

इस्पितळात काळजावर लक्ष ठेवायला ठेवून घेतलं. काळीज ठीक आहे म्हणाले. बोटांवर भाजल्याच्या खुणा आहेत, त्या भरताहेत. पण तो पाण्यात हात घालत नाही. फिशटँकच्याच नाही, कुठल्याच. नळाखाली हात धरायचा तर आधी बराच वेळ नळाकडे बघतो. ओल्या पंचानं अंग पुसतो. ज्या माणसाला मी लग्नाआधी पाण्याबाहेर फारसं पाहिलंच नव्हतं, तो. तुला लिहिलं की वेळ नाही, ते खोटं होतं. वेळच वेळ आहे. व्हरांड्यात बसून असतो.

बोटीच्या मालकानं, गसनं, त्याची बोटीवरची जागा अजून ठेवली आहे. पण जूनमध्ये वारा पडला की पर्यटक येऊ लागतात, आणि त्यांना घेऊन पाण्यात उतरणारा माणूस गसला हवाच. तोपर्यंत डॅरल पाण्याला तयार झाला नाही तर दुसरा घेईन, असं तो चांगल्या शब्दांत म्हणाला. बोट गेली तर त्याचं काय उरेल हे मला कळत नाही. म्हणून मला ते कपाट लावायचंय. घरातलं पाणी त्याला भिववणार नाही इतकं तरी.

आता तुझे प्रश्न. बोर्ड तिसऱ्या भोकाशी जळलाय, कडेला काळा, आत हिरवट. त्या भोकातली वायर वरच्या टाकीतल्या लाटा करणाऱ्या पंपाची आहे. ती काचेच्या काठावरून सरळ खाली येते, आणि तिच्या अंगावर काठापासून बोर्डापर्यंत पांढरी रेघ आहे, खडूनं ओढल्यासारखी. चाखून पाहिली (मुख्य स्विच बंद होता, हात खिशात होता). मीठ आहे.

डॅरलनं काही उपटलेलं दिसत नाही. क्लिपा तू ठोकल्या तशाच्या तशा आहेत, वीतवीत अंतरावर. पण तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बरोबर आहे म्हाताऱ्याचं. मीच ओढाताण केली वायरींची. तसंच लिही त्याला." म्हणून लिहिलं. सेफ्टी स्विचचं मात्र तू म्हणतोस ते खरंच आहे, ते आमच्याकडून राहिलं.

बोर्ड कुठे लावू ते सांग. तुझ्यासारखं सरळ मला जमेल असं वाटत नाही.

मेरिन


किंग बेट
१४ एप्रिल २०१७

मेरिन,

पत्र मिळालं.

त्या कपाटाला कुणी हात लावू नका. टाउन्सव्हिलमधला परवानेवाला इलेक्ट्रिशियन बोलव, आधी त्या लाइनला सेफ्टी स्विच बसवून घे. मग मिठाच्या पाण्याची माहिती असलेलं कुणीतरी बोलव. ते सांगतील तसं कर. मी सांगितलेलं काही करू नकोस.

बोर्डाबद्दल मला विचारू नकोस.

ऑल्विन


टाउन्सव्हिल
७ मे २०१७

बाबा,

तुझं ते चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं तू रागावलास. पत्राखाली "ऑल्विन" अशी सही? मला? मी दारात उभी राहून रडले, पोस्टमनला वाटलं कुणी गेलं. मग तुझी नाही, डॅरलची चीड आली, त्यानं तुझं काम बिघडवलं म्हणून. हे सगळं आता लिहायला विचित्र वाटतंय.

तू सांगितलंस तसं केलं. सेफ्टी स्विच बसला. मग नायरीला बोलावलं. ती न्यूझीलंडची, इथे बंदराकडे मत्स्यालयाचं दुकान आहे तिचं, डॅरल तिच्याकडूनच सगळं घेतो. आडव्या अंगाची बाई, कपाटात शिरली तर बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या. आतून म्हणाली, "ए मेरिन, या वायरी कुणी बांधल्या?"

मी म्हटलं, "का?"

"हात सुरेख आहे. पण हा माणूस कोरड्या घरांचा. मिठाच्या टाकीखाली वायर ताठ ठेवतात होय? पाणी वायरीवरून चालत येतं बाई. वायरीला आधी खाली झोळ खाऊ द्यायचा आणि मग वर प्लगकडे न्यायची. म्हणजे येईल तो थेंब झोळाच्या तळाशी टपकतो. हे असं म्हणजे त्याला बोर्डाच्या तोंडात उतरायला जिना बांधून दिलाय."

व्हरांड्यातून डॅरल ओरडला, "मीच ओढल्या त्या!"

"तू?" नायरी बाहेर आली, केसांत मीठ. "डॅरल, मी तुझ्या वायरी कधीपासून बघतेय. तुझ्या पायातली चप्पलसुद्धा कधी सरळ नसते. तू आणि ताठ वायर!"

डॅरल माझ्याकडे बघत नव्हता. मी क्लिपांकडे बघत होते.

तुला चौदा एप्रिललाच कळलं होतं, होय ना? मी पांढऱ्या रेघेबद्दल लिहिलं आणि तुला तिथे बसून दिसलं. आणि डॅरलला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इस्पितळात पडल्यापडल्या त्यानं ठरवलं असणार. तुम्ही दोघं मला न सांगता एकमेकांना सांभाळत बसलात, आणि मी मधे उभी राहून एकाचा राग दुसऱ्यावर काढत होते. मला तुझा राग आला का? हो. त्या शनिवारी स्विचकडे धावले ते आठवलं आणि आला. मग तू गुडघ्याखाली माझी उशी घेऊन त्या कपाटापाशी बसला होतास तेही आठवलं, आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र इतक्या उशिरा.

कपाट झालं. बोर्ड आता आत नाहीच, बाजूच्या भिंतीवर उंच लावलाय, सुक्या जागी. सगळ्या वायरी खाली लोंबतात आणि मग वर जातात. प्रत्येकीच्या प्लगला नायरीनं चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय. तू पाहिलंस तर तुला वाईट वाटेल इतका पसारा दिसतो. डॅरलनं दारातून पाहिलं आणि "छान" म्हणाला. आत आला नाही.

जुलैत येतोयस ना?

मेरिन


किंग बेट
६ मे २०१७

मेरिन,

तुझं काही आलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं.

तुला लिहायला हवं ते लिहितो. त्यानं काही ओढलं नाही. तुझ्या पत्रात होतं, क्लिपा तशाच्या तशा. वायर काचेवरून उतरते आणि थेट बोर्डात जाते, ती मी नेली. वायर खाली का लोंबत ठेवली असेल हा प्रश्न मला पडला नाही. पसारा दिसला, आवरला.

गेले काही आठवडे मी इथे घरोघर जातोय. जिथे जिथे मी वायरिंग केलं तिथे. सिंकखाली वाकून बघतो, बोट धुण्याच्या शेडमध्ये बघतो, गोठ्यात बघतो. लोकांना वाटतं म्हातारा चळला. बेरिलच्या सिंकखाली शिरलो होतो तर ती म्हणाली, "ऑल्विन, तीस वर्षं तो दिवा लागतोय. बाहेर ये, चहा पी आणि गप बस." मी म्हटलं, आणि उद्या? ती म्हणाली, "उद्याही ये. चहा असतोच." चांगली बाई आहे.

अजून कुठे काही चुकलेलं सापडलं नाही. सापडेपर्यंत बघणार आहे, का सापडू नये म्हणून, मलाही नीट सांगता येत नाही. सभागृहातला पंखा बिघडला म्हणून बोलवायला आले होते, मी नाही म्हटलं. हत्यारांची पेटी शाळेला देऊन टाकली.

जुलैचं तिकीट रद्द केलं. डॅरलसमोर कसा उभा राहू. त्याला सांग, त्यानं माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती. मला त्याचा उपकार नको असं नाही. मला तो सोसत नाही.

बाबा


टाउन्सव्हिल
२८ मे २०१७

ऑल्विन,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर तुम्हाला एक लिहिलं होतं, त्यातल्या चुका तुम्ही लाल पेनानं सुधारून परत पाठवल्या होत्या. तेव्हा या वेळी पेन लांब ठेवा.

तुमची आणि मेरिनची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तिनं तुमचं वाचलं, माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "आता तू लिही. मी तुम्हा दोघांची पोस्टमन नाही."

तर ऐका. नाताळात मी बोटीवरून परत आलो आणि कपाट उघडलं, तेव्हाच मला दिसलं होतं. झोळ नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "सुंदर झालंय, ऑल्विन." तुम्ही गेल्यावर क्लिपा सैल करू असं ठरवलं. तुम्ही गेलात. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. आणि माझा हात होईना. लग्न झाल्यापासून तुम्ही मला मासेवाला म्हणता. माझ्या मासेवालेपणाला तुम्ही कधी हात लावला नव्हता, आणि आता गुडघे मोडून इतका वेळ त्यात बसलात. एकेक क्लिप अशी सरळ, जणू स्वतःचंच घर. मी ती उपटली नाही. उद्या करू, उद्या करू. सेफ्टी स्विचही तसाच, उद्या. पाणी आत टपकतंय का हे रोज बघत होतो, एक दिवस बघितलं नाही.

म्हणून मी तुमच्यासाठी खोटं बोललो असं समजू नका. अर्धं खरं होतं ते.

आता कामाचं. कपाट पक्कं झालंय. सेफ्टी स्विच आहे, वायरी लोंबतात, बोर्ड उंच आहे. काही होऊ शकत नाही. मला माहीत आहे. माझ्या हाताला माहीत नाही. काल गस येऊन गेला. कामाचा विषय त्यानं काढला नाही, नुसता बियर पीत बसला, म्हणजे समजा. त्याला मीच जुलै अखेरपर्यंत थांब म्हटलं. थांबतो म्हणाला, पण त्यापुढे नाही.

मेरिन म्हणते, मी स्विचपाशी उभी राहते, तू पाण्यात हात घाल. मी नको म्हटलं, तिला वाईट वाटलं. पण ती एकदा त्या स्विचकडे धावलीय. मी फरशीवरून तिचा चेहरा पाहिलाय. तिला तिथे पुन्हा उभं करणार नाही.

तुम्ही या. तुम्ही व्हरांड्यात मुख्य स्विचवर हात ठेवून उभे राहायचं आणि मी आत. तुम्हाला पगार किती ते सार्जंटला विचारून सांगतो.

हत्यारं शाळेला दिलीत ते दिलीत. स्विच पाडायला हत्यार लागत नाही.

डॅरल


किंग बेट
८ जून २०१७

डॅरल,

तिकीट काढलं. मी येईपर्यंत हात घालू नकोस.

वायरी कशा लोंबतात ते मला नीट बघायचंय.

ऑल्विन

(पेन लांबच आहे. पण तुझं अक्षर भयंकर आहे.)


टाउन्सव्हिल
३१ जुलै २०१७

प्रिय बाबा,

नीट पोचलास हे बेरिलनं कळवलं. तू येताना कानात यंत्र घातलं होतंस, आणि परत जाईपर्यंत काढलं नाहीस. मी त्यावर काही बोलले नाही. आताही बोलत नाही.

तू व्हरांड्यात होतास आणि मधे भिंत होती, तेव्हा आत काय झालं ते तुला दिसलं नाही. फक्त आवाज ऐकू येत होता. म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी तो नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाही वर केली, आणि मग खाली केली. तू बाहेरून ओरडत होतास, "घाई नाही रे, इथे ऊन छान आहे!" आणि तिसऱ्या दिवशी त्यानं डावा हात खिशात घातला. मी त्याला ते कधी शिकवलं नव्हतं, तू जेवताना केव्हातरी सांगितलं असशील. मग उजव्या हाताची बोटं पाण्याला टेकवली. त्याचा चेहरा मी सांगत नाही. सार्जंट झटकन बिळात शिरला आणि त्याच्यामागे आजीबाईही.

"ऑल्विन, आहात?" तो म्हणाला.

"आहे!"

मनगटापर्यंत.

"आहात?"

"आहे रे बाबा, कुठे जाणार!"

कोपरापर्यंत हात गेला तेव्हा त्यानं विचारणं बंद केलं होतं, पण तू उत्तरं देत होतास. आहे. आहे. तेव्हा मी खिडकीतून तुझ्याकडे पाहिलं. एक हात स्विचवर आणि दुसरा तुझ्याही खिशात होता. पाण्यात हात स्थिर राहिला तसा थोड्या वेळानं सार्जंट बाहेर आला आणि दारात बसला. मग तिची मिशी.

माझा राग गेला की नाही ते मी अजून बघितलेलं नाही. कमी झालाय. परवा कपाट उघडलं तेव्हा त्या लोंबत्या वायरी मला कुरूप वाटल्या नाहीत एवढं खरं.

आज सकाळी डॅरल बोटीवर गेला. गस बंदरावर वाट बघत होता. निघण्याआधी स्वयंपाकघराच्या नळाखाली हात धुवायला उभा राहिला, नळ सोडला आणि न बघता म्हणाला, "ऑल्विन, आहात?" मग स्वतःच थबकला, तू गेलायस ते आठवून.

मी गरम टोस्ट हातात धरून उभी होते.

म्हटलं, "आहे."

त्यानं हात धुतले.

तुझी
मेरिन